बिलात पैशा-दोन पैशांचा फरक परत परत येतोय? राउंडिंगचा घोळ कुठे असतो आणि कसा काढायचा

लक्षण सगळीकडे सारखंच. छापलेल्या बिलावर एक आकडा, सेल्स रिपोर्टमध्ये दुसरा, टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकलं की तिसरा, आणि फरक किती तर एक पैसा, तीन पैसे, कधी चक्क एक रुपया. महिनाअखेरीला अकाउंटंट जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची, बेरीज लावत बसतो आणि फोन आपल्याला, सॉफ्टवेअर करणाऱ्यांना, येतो की तुमच्या सॉफ्टवेअरला बेरीज येत नाही. मग कोणीतरी घाईघाईत कोडमध्ये एक राउंड टाकतो, त्या दिवशीचं बिल जुळतं, सगळे खूश, आणि पुढच्या महिन्यात तोच फरक दुसरीकडून डोकं वर काढतो. कारण राउंड टाकल्यामुळे फरक गेलेलाच नसतो, तो फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकलेला असतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं की राउंडिंगचा "एक" बग नसतो, पाच-सहा वेगवेगळे असतात आणि ते सगळे एकच तोंडवळा घेऊन येतात. म्हणून कोड उघडायच्या आधी फरक कसा वागतो ते बघायचं. तेवढं नीट बघितलं तर निम्म्याहून जास्त वेळा कोड न उघडताच कळतं की गोची कुठे आहे.

आधी फरकांची यादी काढा

एक साधी क्वेरी लिहा. प्रत्येक बिलासाठी हेडर टेबलमधली (बिलाला एक ओळ) एकूण रक्कम, लाइन टेबलमधल्या (बिलातल्या प्रत्येक मालाला एक ओळ) रकमांची बेरीज, दोन्हीतला फरक, लाइनींची संख्या, बिल लोकल की परराज्यातलं, आणि ते साधं बिल आहे की क्रेडिट नोट, म्हणजे माल परत आल्यावरचं उलटं बिल. फरक शून्य नाही तेवढीच बिलं घ्या आणि फरकाप्रमाणे लावा. इथे एक खबरदारी, कॉलम फ्लोट किंवा डबल (आकडा बायनरीत, जवळपासचा म्हणून साठवणारे टाइप) असेल तर "फरक शून्य नाही" हे असं थेट विचारू नका, नाहीतर ०.०००००००००१ वाली हजार बिलं समोर येतील आणि तुम्ही घाबरून जाल, अर्ध्या पैशापेक्षा जास्त फरक असं विचारा.

आता यादी बघा. फरक फक्त मोठ्या बिलांत आहे का, लाइनी वाढतील तसा वाढतोय का, नेहमी एकाच बाजूला आहे का, बरोब्बर एक रुपया आहे का, सीजीएसटी आणि एसजीएसटी (लोकल बिलातले केंद्राचा आणि राज्याचा असे जीएसटीचे दोन सारखे भाग) मध्ये एकेक पैशाचं अंतर आहे का. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि औषधही वेगळं.

मोठी बिलंच चुकतात

छोटी बिलं वर्षानुवर्षं बरोबर, आणि लाख-दीड लाखाच्या पुढची बिलं मात्र पैशाने इकडेतिकडे, असं असेल तर कॉलम फ्लोट आहे, पैज लावतो. मायएसक्यूएल मध्ये फ्लोट(१०,२) असा कॉलम करा, त्यात १,३१,०७२.३२ टाका आणि परत वाचा, १,३१,०७२.३१ मिळेल. एक पैसा गेला, ना एरर ना वॉर्निंग.

कारण असं की फ्लोटला आकडा साठवायला २४ बिटच मिळतात. १,३१,०७२ म्हणजे दोनाचा सतरावा घात, आणि तिथून पुढे दोन शेजारच्या आकड्यांमधलं अंतर ०.०१५६२५ होतं, म्हणजे दीड पैशापेक्षा जास्त. जिथे पायरीच दीड पैशाची तिथे एकेक पैसा बसणार कुठे. त्याच्या खाली पायरी पाऊण पैशाची असते म्हणून सगळं ठीक दिसतं, आणि म्हणूनच हा बग किरकोळ दुकानात वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि त्याच मालकाने होलसेल चालू केलं की जागा होतो. कॉलम नुसता फ्लोट असेल, कंसात काही नसेल, तर मायएसक्यूएल १,२३,४५६.७८ ला सरळ १२३४५७ दाखवतं, ते निदान लगेच लक्षात तरी येतं.

उपाय एकच, डेसिमल, म्हणजे दशांश जसेच्या तसे साठवणारा टाइप. रकमेला डेसिमल(१४,२), म्हणजे एकूण १४ अंक आणि त्यातले दोन दशांशाचे, पुरतं. पण नग, वजन आणि भाव यांना दोन दशांश देऊ नका, इथे बरेच जण फसतात. सोन्याचं वजन ग्रॅममध्ये तीन दशांशांपर्यंत असतं आणि भाव दहा ग्रॅमचा बोलला जातो. किराण्यात डझनाचा भाव १०० रुपये असेल तर नगाला ८.३३३३ येतात, तुम्ही ते ८.३३ म्हणून साठवलेत आणि १४४ नग विकलेत की ११९९.५२ होतात, पार्टी म्हणते बारा डझनाचे १२०० झाले पाहिजेत, आणि पार्टीचं बरोबर आहे. भाव चार दशांशांत ठेवला की ११९९.९९५२ येतं आणि दोन दशांशांना राउंड करून १२००.००.

कॉलम बदलायच्या आधी टेबलचा बॅकअप घ्या हे सांगायला नको. पण हेही लक्षात ठेवा की फ्लोटमधून डेसिमल केलं म्हणून गेलेला पैसा परत येत नाही, १,३१,०७२.३१ चं १,३१,०७२.३१ च राहणार. खरा आकडा लाइनींवरून किंवा साठवलेल्या पीडीएफवरूनच काढावा लागतो.

कधीमधी, एखाद्याच बिलात, एकच पैसा

हा सगळ्यात डोकं खाणारा प्रकार. शंभर बिलं बरोबर, एकशे एकावं चुकतं, आणि नंतर तेच बिल परत केलं की बरोबर येतं कारण कोणीतरी दुसऱ्या स्क्रीनवरून केलेलं असतं.

एकच उदाहरण घेऊ. माल १०७ रुपयांचा, जीएसटी ५%, लोकल बिल, म्हणजे सीजीएसटी २.५%. कागदावर २.६७५, राउंड करून २.६८. एक्सेलही २.६८ सांगतो. आता जावास्क्रिप्टमध्ये १०७ ला २.५ ने गुणा, १०० ने भागा आणि टूफिक्स्ड(२), म्हणजे दोन दशांशांवर आणणारं फंक्शन, लावा, २.६७ येईल. आणि १०७ गुणिले ०.०२५ करून तेच टूफिक्स्ड लावा, २.६८ येईल! गणित तेच, फक्त लिहायची पद्धत वेगळी, आणि उत्तर वेगळं. कारण २.६७५ हा आकडा बायनरीत तंतोतंत लिहिताच येत नाही, डबलमध्ये त्याची सगळ्यात जवळची जागा २.६७४९९९९९९९९९९९९८ च्या आसपास आहे, अर्ध्याच्या किंचित खाली, म्हणून खाली जातो. दुसऱ्या पद्धतीत ०.०२५ स्वतःच किंचित फुगलेला असतो, गुणाकार त्याच्या वरच्या जागेवर जाऊन बसतो, म्हणून वर जातो. स्क्रीनवर एका माणसाने भागाकाराने लिहिलंय आणि रिपोर्टमध्ये दुसऱ्याने ०.०२५ ने, झालं, महिन्यातून चार बिलांत एक पैसा.

यावर लोक ०.००००१ मिळवून मग राउंड करतात. करू नका. ते आजच्या बिलाला चालतं, क्रेडिट नोटला उलट्या दिशेने जातं आणि पुढच्या माणसाला कळत नाही की हे इथे का आहे. डेसिमलमध्ये हिशोब करा, बस. जावात बिगडेसिमल घेताय तर त्याला स्ट्रिंग द्या, डबल देऊ नका, डबल दिलात की कचरा आत घेऊनच तो जन्माला येतो. पायथनच्या डेसिमलचंही तसंच.

आणि डेटाबेसमध्ये कॉलम डेसिमल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नोडचे मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसचे नेहमीचे ड्रायव्हर डेसिमल कॉलम स्ट्रिंग म्हणून परत देतात, ते मुद्दाम तसं करतात, पैसा सांडू नये म्हणून, आणि आपला माणूस पहिल्याच ओळीत त्यावर पार्सफ्लोट मारून त्याचा परत डबल करतो. सगळी काळजी पाण्यात. एसक्युलाइटवर टेस्ट चालवत असाल तर त्याहून गंमत, तिथे कॉलमला डेसिमल असं नाव दिलं तरी आत तो आकडा रियल म्हणूनच बसतो, म्हणजे टेस्टमध्ये एक हिशोब आणि प्रॉडक्शनमध्ये दुसरा.

पोस्टग्रेसवाल्यांना एक सूचना. डबल कॉलमवर राउंड करून दोन दशांश मागितलेत तर असं फंक्शनच नाही म्हणून एरर येते. लोक चिडतात, मला ती एरर आवडते. तो सांगतोय की बाबा, आधी न्यूमरिक (त्याच्याकडचा डेसिमल) कर. इतर डेटाबेस मुकाट्याने काहीतरी देऊन मोकळे होतात.

बरोब्बर एक रुपयाचा फरक

बिल ५९८.५० झालं आणि आपण रुपयाला राउंड करतो. माणूस म्हणेल ५९९. सी शार्पचा साधा मॅथ राउंड म्हणेल ५९८. कारण त्याची डीफॉल्ट रीत बँकर्स राउंडिंगची आहे, बरोबर अर्धा आला की सम आकड्याकडे जायचं. पायथनचा राउंड तसाच, जुन्या व्हीबी ६ चा तसाच, आणि आपल्याकडे व्हीबी ६ वरची बिलिंग सॉफ्टवेअरं अजून कितीतरी दुकानांत सुखाने नांदतायत. एक्सेलच्या शीटमधला राउंड मात्र शाळेतल्यासारखा, अर्धा आला की वर, आणि त्याच एक्सेलच्या मॅक्रोमधला राउंड बँकर्स! एकाच फाइलमध्ये दोन उत्तरं.

मायएसक्यूएल तर कॉलमच्या टाइपवरून ठरवतं. डेसिमल २.५ ला राउंड केलं की ३. तोच आकडा डबल म्हणून दिला की बहुतेक मशीनवर २. म्हणजे कॉलम डबलमधून डेसिमल केलात की राउंडिंगची रीतही आपोआप बदलते, ती बदलायलाच हवी होती, पण बदलली हे माहीत असू द्या.

बँकर्स राउंडिंग वाईट नाही, हजारो आकड्यांच्या बेरजेत ते एका बाजूला झुकत नाही म्हणून ते बनवलंय. पण आपल्याकडच्या जीएसटी बिलाला ते नको. सीजीएसटी कायद्याचं कलम १७० सरळ सांगतं की कराची, व्याजाची, दंडाची रक्कम जवळच्या रुपयाला न्यायची, ५० पैसे किंवा जास्त असतील तर वर, कमी असतील तर सोडून द्यायचे. बिलाची एकूण रक्कम रुपयाला न्यायची तर आपल्या बाजाराची रीतही तीच, आणि २०११ च्या जूनअखेर २५ पैशाचं नाणं बंद झाल्यापासून गल्ल्यात दुसरं काही करणंही अवघडच आहे. तेव्हा भाषा कुठलीही असो, राउंडिंगची पद्धत नाव घेऊन लिहा, हाफ अप किंवा शून्यापासून लांब, डीफॉल्टवर सोडू नका.

आता हाफ अप म्हटलं की ऋण आकडे आठवा. जावास्क्रिप्टचा मॅथ राउंड ५९८.५ चे ५९९ करतो, पण उणे ५९८.५ चे उणे ५९८, कारण तो अर्ध्याला नेहमी "वर" नेतो आणि ऋण बाजूला वर म्हणजे शून्याकडे. पार्टीने सगळा माल परत केला, बिल ५९९ चं, क्रेडिट नोट ५९८ ची, आणि पार्टीच्या लेजरला एक रुपया बाकी. वसुलीवाला माणूस त्या एका रुपयासाठी फोन करतो म्हणजे काय होत असेल बघा. सरळ उपाय, क्रेडिट नोट धन आकड्यातच मोजा आणि शेवटी चिन्ह लावा. सगळं बिल परत येत असेल तर मोजूच नका, मूळ बिलातले साठवलेले आकडे उलटे करा.

लाइनी वाढतात तसा फरक वाढतो

हा खरं तर बगच नाही, हा निर्णय न घेतल्याचा परिणाम आहे. बारा लाइनी, प्रत्येकी ४७.५० रुपये, सीजीएसटी २.५%. लाइनीला १.१८७५, राउंड करून १.१९, बारा वेळा १४.२८. आता एकूण ५७० वर एकदम काढा, १४.२५. तीन पैसे फरक, एसजीएसटीचे आणखी तीन, एकूण सहा. एकीकडे बिल ५९८.५६, दुसरीकडे ५९८.५०. आणि वरचं बँकर्सचं आठवतंय ना, पहिलं ५९९ ला जातं आणि दुसरं ५९८ ला, म्हणजे सहा पैशांचा घोळ दुसऱ्या घोळात मिसळून एक रुपयाचा होतो. म्हणूनच म्हटलं, फरकाच्या आकड्यावरून कारण ठरवताना एकाच कारणावर थांबू नका.

कुठली पद्धत बरोबर? मी लाइननिहाय घेतो. बिलात लाइनीलाच दर आणि कर दाखवायचा असतो, ई-इन्व्हॉइसच्या (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाच्या) जेसन फाइलमध्ये लाइननिहाय कर द्यावा लागतो, एचएसएन समरी (मालाच्या कोडनिहाय गोषवारा) लाइनींवरूनच बनते, आणि अर्धाच माल परत आला तर कर लाइनीवरूनच काढावा लागतो. पोर्टल रुपयाभराचा फरक चालवून घेतं, पण त्या सवलतीच्या भरवशावर हिशोब करू नका, लाइनी खूप वाढल्या की ती अशीच संपते. मात्र अकाउंटंट किंवा सीए साहेब एकूण रकमेवर कर काढायचा आग्रह धरत असतील तर त्यांचंही ऐका, फक्त मग तो काढलेला कर लाइनींवर परत वाटून साठवा. दोन्ही पद्धती चालतात, स्क्रीनवर एक आणि रिपोर्टमध्ये दुसरी हे चालत नाही.

सीजीएसटी आणि एसजीएसटी सारखे येत नाहीत

परत तेच १०७ रुपये. कोडमध्ये आधी पूर्ण ५% कर काढलाय, ५.३५. मग अर्धा केला, २.६८, आणि एसजीएसटी म्हणून उरलेला घेतला, २.६७. बेरीज सुंदर जुळते, पण दोन्ही कर सारखे हवेत, आणि ई-इन्व्हॉइस इथे अडतं. म्हणून प्रत्येक कर आपापल्या दराने वेगळा काढा, २.६८ आणि २.६८. याचा अर्थ तोच माल लोकल बिलात ११२.३६ चा आणि परराज्यात आयजीएसटी (तिथे लागणारा एकच, पूर्ण दराचा कर) लावून ११२.३५ चा. हा फरक खरा आहे, तो मिटवायला जाऊ नका, कस्टमरने विचारलं तर सांगा.

एमआरपीतून कर बाहेर काढताना

१०० रुपये एमआरपी, १८% आत. सगळे जण १०० भागिले १.१८ करतात, ८४.७४५७६, म्हणजे ८४.७५. त्यावर ९% म्हणजे ७.६२७५, राउंड ७.६३, दोनदा १५.२६. बेरीज १००.०१. एमआरपीपेक्षा एक पैसा जास्त, आणि एमआरपीच्या वर घेणं हा आपल्याकडे वेगळाच विषय आहे.

उलटं करा. आधी कर काढा: १०० गुणिले ९ भागिले ११८, ७.६२७१, म्हणजे ७.६३. तेवढाच दुसरा. मग करपात्र रक्कम म्हणजे १०० वजा १५.२६, ८४.७४. बेरीज बरोब्बर १००, आणि ८४.७४ वर ९% काढून बघितलं तरी ७.६३ च येतं.

पण ही युक्ती दरवेळी दोन्ही बाजूंनी बसेल असं समजू नका. डिस्काउंटनंतर रक्कम ९९.९७ झाली समजा. ८४.७२ वर कर धरून ९९.९६ होतात आणि ८४.७३ वर एकदम ९९.९९. मधले ९९.९७ आणि ९९.९८ येऊच शकत नाहीत, कारण कर वाढतो तेव्हा दोन्हीकडे मिळून दोन पैशांनी वाढतो. कितीही हुशार कोड लिहा, गणितातच ती जागा नाही. म्हणून हेडरमध्ये राउंड ऑफ नावाचा वेगळा कॉलम हवा, उरलेला पैसा तिथे जातो. ई-इन्व्हॉइसमध्येही राउंड ऑफसाठी वेगळी जागा दिलेली आहे, टॅलीत तर राउंडिंगचं लेजर असतंच. तो पैसा करात किंवा शेवटच्या आयटमच्या भावात लपवू नका, पुढे सापडत नाही.

इथे भागाकाराचा आणखी एक सापळा. एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेसमध्ये १८ भागिले ११८ असं पूर्णांकांत लिहिलंत तर उत्तर शून्य. मायएसक्यूएल मध्ये तसं होत नाही, म्हणून तिथून क्वेरी उचलून इकडे टाकली की कर गायब. आणि एसक्यूएल सर्व्हरचा मनी टाइप, नाव बघून वाटतं आपल्यासाठीच बनवलाय, पण तो चार दशांशांवर थांबतो. मनीमध्ये १०० भागिले ११८ काढून ठेवलंत आणि मग १,५०,००० ने गुणलंत की सहा-आठ रुपयांचा फरक पडतो. आधी गुणा, मग भागा, आणि राउंड एकदाच, शेवटी.

नेहमी एकाच बाजूला, नेहमी कमी

फरक कधीच प्लस नसतो, कायम मायनस, तर कुठेतरी आकडा राउंड होत नसून कापला जातोय. पेमेंट गेटवेला रक्कम पैशांत द्यायची असते म्हणून कोणी १९.९९ ला १०० ने गुणतो, ते १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं, आणि पार्सइंट (दशांश कापून पूर्णांक देणारं फंक्शन) लावला की १९९८. एक पैसा कमी गेला. कापण्याने काय होतं त्याचा नामी किस्सा कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचा. १९८२ च्या जानेवारीत त्यांनी १००० वर इंडेक्स चालू केला, प्रत्येक सौद्यानंतर तो तीन दशांशांवर कापत राहिले, आणि नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो घसरत ५२० च्या आसपास आला. हिशोब दुरुस्त केला तेव्हा खरा आकडा १०९८ च्या वर निघाला. बाजार वर जात होता आणि इंडेक्स खाली!

आपल्या कोडमध्ये इंटमध्ये कास्ट, फ्लोअर, ट्रंकेट आणि पार्सइंट एवढं शोधा, बहुतेक तिथेच सापडेल.

डिस्काउंट वाटताना उरलेला पैसा

बिलावर एकूण १०० रुपये सूट, तीन सारख्या लाइनी. ३३.३३ तीनदा म्हणजे ९९.९९. बिलावर आधीच दाखवलेली सूट करपात्र रकमेतून वजा होते, त्यामुळे ती लाइनींवर वाटल्याशिवाय कर काढता येत नाही, आणि वाटली की पैसा उरतो. उरलेला पैसा सगळ्यात मोठ्या रकमेच्या लाइनीला द्या. शेवटच्या लाइनीला देऊ नका, कारण शेवटची लाइन पाच रुपयांची कॅरीबॅग असू शकते आणि वीस-पंचवीस लाइनींच्या बिलात उरलेले पैसे तिच्या अंगावर आले की ती वेडीवाकडी दिसते. थोडा थोडा माल परत येतो तेव्हाही हेच, शेवटचा नग परत येताना दर लावून मोजू नका, लाइनीत जे उरलंय ते पूर्ण परत करा.

मग कायमचं काय करायचं

तुमच्या सिस्टममध्ये बिलाचा हिशोब किती ठिकाणी होतो ते शोधा. स्क्रीनवर जावास्क्रिप्टमध्ये, सर्व्हरवर, एखाद्या व्ह्यूमध्ये, पीडीएफच्या टेम्प्लेटमध्ये, टॅली एक्सपोर्टमध्ये, जेसन बनवताना. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी आपापल्या परीने राउंड केलंय. ते सगळं काढा. सर्व्हरवर एक फंक्शन, तिथे बिल सेव्ह होताना एकदाच हिशोब, आणि लाइनीचा करपात्र आकडा, प्रत्येक कर, लागलेला दर, हेडरची बेरीज, राउंड ऑफ, अंतिम रक्कम हे सगळं साठवून टाका. बाकीच्यांनी फक्त वाचायचं. स्क्रीनवर टाइप करताना दिसणारा आकडा अंदाज समजा, सेव्ह झाल्यावर सर्व्हरचा दाखवा.

दर साठवा म्हटलं ते उगाच नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला १२% आणि २८% चे बहुतेक आयटम ५% आणि १८% ला आले. ज्यांचं बिल परत छापताना दर आयटम मास्टरमधून उचलतं त्यांच्याकडे ऑगस्टचं बिल नव्या दराने छापून येतं, आणि ते प्रकरण पैशांवर थांबत नाही.

डेटाबेसलाही राखणीला बसवा. अंतिम रक्कम म्हणजे करपात्र, कर आणि राउंड ऑफ यांची बेरीज, अशी चेक कन्स्ट्रेंट (अट मोडणारी नोंद नाकारणारा नियम) हेडर टेबलवर लावा. मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधी अशी कन्स्ट्रेंट लिहिली तर घेतली जायची पण पाळली जायची नाही, तेव्हा व्हर्जन बघून घ्या. लाइनींची बेरीज हेडरशी जुळते का हे कन्स्ट्रेंटने होत नाही, त्यासाठी वर सांगितलेली क्वेरी रोज रात्री चालवा आणि एकही ओळ आली तर मेल जाऊ द्या.

टेस्टला गोल आकडे घेऊ नका, १०० रुपयांवर १८% सगळ्यांनाच जमतं. १०७ वर ५% घ्या, १०६.६० वर ५% घ्या, तिथे २.६६५ येतं आणि बँकर्सवाला २.६६ म्हणून लगेच उघडा पडतो, ५९८.५० आणि त्याचीच क्रेडिट नोट घ्या, ९९.९७ कर धरून घ्या, १,३१,०७२.३२ साठवून परत वाचा, तीन लाइनींवर १०० ची सूट वाटा. आणि हे सगळं एसक्युलाइटवर नाही, प्रॉडक्शनला जो डेटाबेस आहे त्याच्यावर.

जुन्या बिलांचं काय, हा प्रश्न येतोच. ज्यांचा रिटर्न भरलाय ती बिलं अपडेट मारून बदलू नका, मोह कितीही होवो. पार्टीकडे छापील बिल आहे, त्यांच्या जीएसटीआर-२बी (खरेदीवरच्या कराचा पोर्टलवरचा तपशील) मध्ये तोच आकडा गेलाय, तुम्ही इकडे एक पैसा सरळ केलात की तिकडे जुळणी तुटते. जुने आकडे आहेत तसे ठेवा, फरकांची यादी सीए साहेबांना द्या, ते राउंड ऑफ खात्यात एक एंट्री टाकायला सांगतील किंवा सोडून द्या म्हणतील. नवीन हिशोब महिन्याच्या एक तारखेपासून चालू करा, मध्येच नको, आणि कुठलं बिल कुठल्या पद्धतीने झालंय ते कळायला हेडरमध्ये हिशोबाच्या व्हर्जनचा एक छोटा कॉलम टाका, मार्च अखेरीला ऑडिट करताना तोच उपयोगी पडतो.